देव वेगळे, शिक्के वेगळे

हे मी लिहावं की नाही, हे ठरवण्यातच बरेच दिवस गेले. आमच्या घरात आजवर अर्ज आणि फॉर्म सोडून कोणी काही लिहिलेलं नाही. वडील अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्टमन आहेत, आई सातवीपर्यंत शिकली. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. त्यामुळे व्यक्तिचित्र वगैरे लिहायला बसणं म्हणजे आपल्या मापाचे नसलेले बूट घालून चालण्यासारखं वाटतं. दुसरं कारण जास्त खरं आहे. ज्यांच्याविषयी लिहितोय त्या गावडे मावशींना वाचता येत नव्हतं, आणि एका साध्या वाचण्याच्या कामात मी त्यांना कमी पडलो. अशा माणसाने त्यांच्याविषयी लिहिणं बरोबर आहे का, मला माहीत नाही. चुकलं असेल तर माफ करा.

आमची इमारत बोरिवली पूर्वेला. आधी तिथे चाळ होती, ती पाडून सात मजले उभे राहिले आणि चाळीतली माणसं एकावर एक रचली गेली. चाळीत असताना कोपऱ्यावर एक मोठी कचरापेटी होती. सगळं त्यात जायचं, माशाच्या काट्यांपासून फाटक्या उशीपर्यंत. नव्या इमारतीत आल्यावर कमिटीने प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी दोन ड्रम आणून ठेवले, हिरवा ओल्याचा आणि निळा सुक्याचा. ओल्याची गाडी रोज, सुक्याची मंगळवारी आणि शुक्रवारी. लोकांनी पहिले काही महिने हाताला येईल त्या ड्रमात टाकलं. मग सुक्याची गाडी आमचा कचरा न उचलता जायला लागली, आणि निळे ड्रम गेटजवळ वास मारत उभे राहायला लागले.

तेव्हा गावडे मावशी चौथ्या मजल्यावर पाट घेऊन बसायला लागल्या. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. त्या आमच्याच मजल्यावर राहायच्या, एकट्याच. नवरा गिरणीत होता, मग वॉचमन झाला, मग गेला. मुलगी रेखाताई लग्न करून दहिसरला. दुपारची जेवणं उरकली की मावशी निळा ड्रम आडवा करायच्या, पुढ्यात जुन्या नऊवारीचा तुकडा पसरायच्या आणि पिशव्या एकेक सोडायच्या. कुठली पिशवी कोणाची, हे त्यांना गाठीवरून कळायचं. "ही सावंतांची. दोन गाठी मारतत, जसा काय पळून जातला," असं पुटपुटत त्या गाठ सोडायच्या. पिशवी फाडायच्या नाहीत.

हातमोजे त्या घालत नसत. कमिटीने आणून दिले होते, ते त्यांनी धुऊन खिडकीत वाळत घातले आणि ते तिथेच राहिले. "मोजे घातले की हाताक कळणा नाय," म्हणायच्या. त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काही वर्षं रद्दीच्या गोदामात माल निवडण्याचं काम केलं होतं. तिथे कोणाच्या तरी उष्ट्या भाताच्या पिशवीत फुटका काचेचा ग्लास होता. त्यामुळे काच फुटली की ती जाड कागदात गुंडाळा, वर दोरा बांधा आणि हातात आणून द्या, असा त्यांचा नियम होता. नियम मोडला की त्या दार वाजवायच्या. रागावायच्या नाहीत. वळत नसलेली बोटं दाखवायच्या आणि म्हणायच्या, "पिशवीच्या खाली कोणाचो तरी हात असता, बाय."

सुकं ओळखायची त्यांची रीत कानाची होती. कागद कानाशी नेऊन चुरगळायच्या. वेफरच्या पिशव्यांना त्या 'चांदीवाले' म्हणायच्या आणि वेगळ्या ठेवायच्या, कारण ते भंगारवाला घेत नाही. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा तोडून टाकायचा नाही, अर्धा लटकता ठेवायचा, यावर त्यांनी मजल्यावरच्या प्रत्येक बाईला एकदा तरी ऐकवलं होतं. तुटलेला कोपरा हरवतो आणि गटारात जातो. धुतलेल्या दुधाच्या पिशव्या त्यांच्या ग्रीलला चिमट्यांनी लावलेल्या असायच्या. माझी आई चिडून म्हणायची, "बाईचे कपडे कमी आणि पिशव्याच जास्त वाळतात." पण हळूहळू आमच्या ग्रीललाही चिमटे लागले.

खरी अडचण देवांची होती. आमच्याकडे लग्नपत्रिकेवर गणपती असतोच. अगरबत्तीच्या पुड्यावर लक्ष्मी, कॅलेंडरवर दत्त, मिठाईच्या खोक्यावर बालाजी. हे कचऱ्यात कसं टाकायचं? म्हणून लोक टाकत नसत, आणि ठेवायलाही जागा नसे. मग निर्माल्याच्या पिशवीत, ओल्या फुलांबरोबर, पत्रिकांचा गठ्ठा कोंबून ती पिशवी गुपचूप निळ्या ड्रमात सरकवायचे. सगळा सुका माल ओला व्हायचा. एका मंगळवारी गाडीवाल्याने आमचे सातही मजल्यांचे ड्रम तसेच परत ठेवले.

दुसऱ्या दिवशी मावशी एक छोटी वाकडी कात्री घेऊन बसल्या. पत्रिका हातात घ्यायच्या, गणपतीच्या कडेने कात्री फिरवायच्या, गणपती एका बिस्किटाच्या डब्यात आणि उरलेला पुठ्ठा सुक्यात. सोंड कापली जाऊ नये म्हणून जीभ दाताखाली धरून कापायच्या. सेक्रेटरींच्या घरच्या काकू लिफ्टमधून बाहेर आल्या आणि थबकल्या.

"मावशी, देवाला कात्री लावता?"

"मगे काय बटाट्याच्या सालींत ठेवूचो?" मावशींनी मान वर न करता विचारलं.

चार दिवसांनी काकूंनीच भाचीच्या लग्नाच्या उरलेल्या पन्नासेक पत्रिका आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "तेवढं जरा बघा."

डबा भरला की मावशी ते सगळे देव बादलीत भिजत घालायच्या. दोन दिवसांनी काठीने ढवळायच्या आणि तो लगदा खाली कुंपणाजवळच्या तुळशीच्या आळ्यात घालायच्या. बादली उलटी करताना एकदा मी त्यांना बोलताना ऐकलं. "लगीन पार पडला, आता घराक जावा."

देवांनंतर शिक्के. ज्या कागदावर गोल शिक्का असेल तो मावशी कधीच सुक्यात टाकत नसत. चौकोनी शिक्क्याचं त्यांना काही वाटत नसे, पण गोल म्हणजे सरकारचा, गोल म्हणजे कामाचा. यामागची गोष्ट त्यांनी एकदा आईला सांगितली होती. गिरणी बंद पडल्यावर घर आवरताना त्यांनी रद्दीत एक पिवळं पडलेलं कार्ड देऊन टाकलं. ते नवऱ्याचं गिरणीतलं ओळखपत्र होतं, त्यावर गोल शिक्का होता. पुढे गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरायची वेळ आली तेव्हा तोच कागद मागितला गेला. नवरा वर्षानुवर्षं या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरला. नाव यादीत लागलं नाही. "त्यांनी माका कधी एका शब्दान बोलूक नाय," मावशी म्हणाल्या. "बोलले असते तर बरा झाला असता."

म्हणून शिक्क्याचा कागद मिळाला की त्या तो मांडीवर सपाट करायच्या, फाटलेला असेल तर भाताच्या शिताने चिकटवायच्या आणि ज्याचा असेल त्याला नेऊन द्यायच्या. दहातले नऊ कागद बिनकामाचे निघायचे. मुदत संपलेलं उत्पन्नाचं प्रमाणपत्र, रेशनकार्डाची झेरॉक्स, जुनी पावती. लोक हसायचे, कोणी वैतागायचे. "मावशी, तो मीच फाडलाय हो." मग मावशी तो कागद घरी न्यायच्या आणि एका पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. लोकांना आज नको आहे, उद्या लागेल, असं त्यांचं म्हणणं.

मराठी कागद असेल तर त्या कोणाकडूनही वाचून घ्यायच्या. इंग्रजी असेल तर माझ्याकडे यायच्या. मजल्यावर कॉलेजात जाणारा मी एकटा. "झिला, ह्या काय आसा ता बघ मां," म्हणून दारात उभ्या राहायच्या. मी वाचून सांगायचो आणि मला त्याचा अभिमानही वाटायचा. आई आतून ऐकत असायची हे मला ठाऊक असायचं.

पण एक गोष्ट मी घरी कोणाला सांगितली नव्हती. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकून मी कॉमर्सला आलो होतो आणि वर्गात अर्ध्याहून जास्त मला कळत नव्हतं. पुस्तकातला एक परिच्छेद वाचायला तासभर लागायचा. बँकेचा किंवा शाळेचा कागद असेल तर ठरावीक शब्द असतात, त्यामुळे निभायचं.

दुसऱ्या वर्षाची परीक्षा जवळ आली होती. एका दुपारी मावशी आल्या. हातात चार तुकडे चिकटवलेला एक कागद होता. "सावंतांच्या पिशवीत गावलो. शिक्को आसा. बघ."

सावंत आमच्या समोरच राहायचे. काका एका कंपनीतून कारकून म्हणून रिटायर झालेले, रोज इंग्रजी पेपर वाचणारे. गेले दोन महिने त्यांचं पोट दुखत होतं. नितीन, त्यांचा मुलगा, त्यांना हॉस्पिटलात नेऊन आणत होता. अल्सर आहे, असं मजल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

मी कागद घेतला. वर हॉस्पिटलचं नाव होतं, खाली गोल शिक्का. मध्ये दहा-बारा ओळी होत्या आणि त्यातला एकही मोठा शब्द मला कळला नाही. मी पहिली ओळ दोनदा वाचली. आई आत भाजी निवडत होती, तिचे हात थांबल्याचं मला जाणवलं.

मला म्हणता आलं असतं, हे मला कळत नाही. चार शब्द होते. मी म्हटलं, "मावशी, माझी परीक्षा आहे हो. उद्या बघतो ना." आणि कागद परत दिला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "बरा," म्हणाल्या. "अभ्यास कर."

हॉस्पिटलचा कागद, वर शिक्का. तो उद्यापर्यंत ठेवणं त्यांच्या जिवावर आलं असणार. त्यांनी समोरचं दार वाजवलं. सावंत काकी देवळात गेल्या होत्या. दार काकांनी उघडलं. माझं दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं.

"तुमचो कागद चुकून पिशवीत इलो," मावशी म्हणाल्या. "शिक्को आसा म्हणून हाडलंय."

काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. ते उंबऱ्यातच उभे राहून वाचत होते. एवढ्याशा कागदाला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी तो घडी घालून खिशात ठेवला. "बरं झालं आणलात," म्हणाले, आणि दार सावकाश लावून घेतलं.

अल्सर नव्हता, कॅन्सर होता. घरात ते फक्त काकांनाच माहीत नव्हतं. काकी, नितीन आणि डॉक्टर यांनी मिळून ठरवलं होतं की त्यांना सांगायचं नाही. आमच्या लोकांत असंच करतात. माणूस ऐकून खचतो म्हणून त्याचा आजार त्याच्यापासून लपवायचा, सगळ्यांनी त्याच्यासमोर हसून बोलायचं. काका इंग्रजी वाचायचे, म्हणून नितीन प्रत्येक कागद सांभाळत होता, आणि जास्तीची प्रत त्याने फाडून सुक्यात टाकली होती. दोन गाठी मारून.

संध्याकाळी नितीन कामावरून आला. थोड्या वेळाने त्यांच्या घरातून काकींचं रडणं ऐकू आलं आणि मग नितीन मावशींच्या दाराशी. सगळी दारं उघडली. मीही आमच्या दारात येऊन उभा राहिलो.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" नितीनचा आवाज मोठा नव्हता, फाटलेला होता. "दोन महिने आम्ही जीव मुठीत धरून… आणि तुम्ही त्यांच्याच हातात नेऊन दिलात?"

मावशींनी ओले हात पदराला पुसले.

"वाचता येत नाही तर लोकांच्या कचऱ्यात हात कशाला घालता? निदान कोणाला विचारायचं तरी. इतकी शिकलेली पोरं आहेत बिल्डिंगमध्ये. कोणाला दाखवला होता कागद?"

तेव्हा मावशींनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग नितीनकडे वळून म्हणाल्या, "कोणाक नाय. शिक्को बघलंय नि दिलंय. माझी चूक."

मी दारात उभा होतो. माझ्या हातात पेन होतं, ते आठवतं. मी बोललो नाही. आईनेही माझ्याकडे पाहिलं. शेवटी काका बाहेर आले आणि म्हणाले, "नितीन, आत ये." एवढंच.

त्या रविवारी कमिटीची मीटिंग झाली. कोणाच्याही पिशव्या कोणी उघडायच्या नाहीत, असं ठरलं. निळ्या ड्रमांना झाकणं आणि कुलपं आली, वॉचमन ती फक्त सकाळी कचरा टाकायच्या वेळेला उघडायचा. मावशींनी वाद घातला नाही. पाट आत नेला. नऊवारीचा तुकडा धुऊन ग्रीलला वाळत घातला. दुपारी लिफ्टपाशी कोणी नसायचं, आणि लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज उगाच मोठा वाटायचा.

महिन्याभरात ड्रम पुन्हा ओले झाले. गाडीवाल्याने दोनदा माल नाकारला. "ती चौथ्या माळ्याची मावशी कुठे गेली?" त्याने वॉचमनला विचारलं. "तिच्या वेळेला ड्रम उघडून पण बघायला लागायचा नाय." वॉचमनने वर बोट दाखवलं. मावशी घरातच होत्या. त्यांना बोलवायला कोणी गेलं नाही. मीही नाही.

त्या निघाल्या तो दिवस शुक्रवार होता. रेखाताई न्यायला आली होती. खोली भाड्याने द्यायचं ठरलं होतं. दोन ट्रंका, एक गादी, बादली आणि तो पत्र्याचा डबा. मी ट्रंक उचलायला गेलो तेव्हा आत मावशी एकट्या होत्या. भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढत होत्या, दत्ताचं.

"परीक्षा झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. मावशी, तो कागद… मी त्या दिवशी—"

"ऱ्हवांदे."

"नाही, मी खोटं बोललो. परीक्षा नव्हती त्या दिवशी. म्हणजे होती, पण—"

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. कॅलेंडरची गुंडाळी करत होत्या, कडा जुळवून. "तू कागद बघलंस तेवा मी तुझा तोंड बघलंय. माझा पण तसाच होता, गिरणीच्या अर्जाच्या खिडकेर. कागद हातात आणि काय लिवलाहा ता कळणा नाय." मग जराशाने म्हणाल्या, "चार माणसांत तुझा तोंड तसा कित्याक करूचा?"

मी ट्रंक उचलली.

खाली रिक्षा उभी होती, सामान टेम्पोत गेलं होतं. मावशी रिक्षापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. गेटजवळ ओल्याचा हिरवा ड्रम उघडा होता. त्यांनी वाकून त्यातून एक दुधाची पिशवी काढली, झटकली, कोपरा आहे का पाहिला. निळ्या ड्रमाला कुलूप होतं. त्यांनी पिशवीची लहानशी घडी घातली आणि कंबरेला खोचली. रिक्षात बसताना त्यांनी वर, चौथ्या मजल्याकडे पाहिलं नाही.

सावंत काका त्यानंतर सात महिने होते. ते गेल्यावर दिवसकार्य झालं, आणि एका दुपारी काकी आमच्याकडे येऊन बसल्या. त्यांनी आईला सांगितलं की काकांनी शेवटच्या महिन्यांत घरातला प्रत्येक कागद बाहेर काढला. कोणता कशाचा, कुठे दाखवायचा, कोणाला भेटायचं, हे प्रत्येक पाकिटावर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं. काकींना शेजारी बसवून दोनदा वाचून घेतलं. "त्यांना कळलं नसतं तर मी आज कुठल्या खिडकीवर उभी असते, देव जाणे," काकी म्हणाल्या. "नितीन पण परवा म्हणाला, मावशींना मी फार बोललो. त्यांना कोणीतरी सांगायला हवं, गं."

"मी सांगतो," मी आतून म्हटलं. "मी जाऊन येतो."

मी खरंच जाणार होतो. मग कॉलेज, मग संध्याकाळची नोकरी, मग शेवटच्या वर्षाची परीक्षा. दर रविवारी वाटायचं, या रविवारी नको, पुढच्या. त्यांना फक्त काकींचा निरोप द्यायचा असता तर मी लवकर गेलो असतो. मला नितीनलाही आधी खरं सांगायचं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मावशींसमोर जाणं बरं दिसलं नसतं. नितीनला मी शेवटी सांगितलं, या मे महिन्यात, जिन्यात. तो म्हणाला, "लहान होतास रे तू." मी लहान नव्हतो. एकोणीस वर्षांचा होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. रेखाताई होती. आमच्या वॉचमनकडून नंबर घेतला म्हणाली.

"आई गेली रे," ती म्हणाली. "महिना झाला. कोणाकोणाला कळवायचं तेच सुचलं नाही." पलीकडे कागदांचा आवाज येत होता. "मी तिचा डबा आवरतेय. सगळे शिक्क्याचे कागद आहेत, तुमच्या बिल्डिंगवाल्यांचे. बाकीच्यांचे जुनेच दिसतायत, ते सुक्यात टाकते. पण एक तुझ्या नावाचा आहे, फाटलेला, शिताने चिकटवलेला. कॉलेजचं बोनाफाईड आहे. तुझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकलंय बहुतेक."

तो मी पहिल्या वर्षी फाडून टाकला होता. नवीन मिळाला होता.

"कामाचा आहे का?" रेखाताईने विचारलं. "ठेवू की टाकू?"

"ठेवा," मी म्हटलं. "मी न्यायला येतो."

आमच्याकडून दहिसर एक स्टेशन आहे.